येतेय

पाटीवर होतं: सत्तावन्न नंबर, सात मिनिटं.
मग चार.
चारावर ती बराच वेळ रेंगाळली,
तोंडी परीक्षेत अडलेल्या पोरासारखी.
मग एकदम दोन,
आणि मग ती पिवळी, लुकलुकती अक्षरं: येतेय.

आम्ही सगळे सरसावलो.
अट्रॅक्टानं चाकांची पिशवी फुटपाथच्या कडेला आणली,
ब्राझीलच्या एव्हर्टननं कानातलं गाणं काढलं,
फिअख्रा, तो शाळेचा लालकेशा पोरगा,
उरलेला पाव तोंडात कोंबून कार्डासाठी खिसे चाचपू लागला.
मी हात बाहेर काढला.
इथे हात केल्याशिवाय बस थांबत नाही.
क्रमलिनचा रस्ता सरळसोट, टोकापर्यंत दिसतो:
दुधाची एक गाडी, दोन सायकली,
आणि कचऱ्याची पिशवी फाडत बसलेला सीगल.

येतेय पुसलं गेलं.
खालची ओळ वर सरकली:
सत्तावन्न नंबर, एकवीस मिनिटं.

म्हणजे ती आली, आणि गेली.
आमच्या अंगावरूनच गेली असणार,
कुणाचा पदरही न हलवता.
अट्रॅक्टा म्हणाली, भुताची बस.
तिच्या आजीच्या गावात भुताची घोडागाडी यायची,
कुणाचं मरण जवळ आलं की.
"ती निदान यायची," अट्रॅक्टा म्हणाली.

बावीस वर्षं मी म्हाताऱ्यांना उठवते, पुसते, कपडे घालते.
साडेसातला मॅलकी टूही, ड्रमकॉन्ड्रा, तळमजला.
सुजलेले पाय, घट्ट मोजे, लापशी, सहा गोळ्या.
पगार दार उघडल्यावर सुरू होतो.
वाट पाहण्याचे कुणी पैसे देत नाही,
दिले असते तर आज माझं स्वतःचं घर असतं
आणि दारात गाडी.
वाट पाहायची म्हणजे खरोखर वाटेकडेच पाहायचं असतं,
हे मला या थांब्यानं शिकवलं.
हिच्यावरचा खड्डा न् खड्डा मला पाठ आहे.

एकवीस मिनिटांत मी भाषण तयार केलं.
मुद्देसूद. आवाज न चढवता म्हणायचं.
त्यात लाज हा शब्द एकदाच होता, शेवटी.

सव्विसाव्या मिनिटाला बस आली,
काचांवर गाल चिकटलेली, फुगलेली.
ड्रायव्हर नवा. कोवळा.
घाईत दाढी करताना हनुवटी कापलेली.
मी तोंड उघडलं.
तोच आधी म्हणाला, "माफ करा हं,
डेपोत यायला मलाच बस मिळाली नाही."

गिळलं भाषण.
गिळलेलं भाषण पचत नाही,
नदीवरचा पूल ओलांडेपर्यंत घशाशी येत राहिलं.
आणि उतरताना सगळे म्हणतात तसं
माझ्याही तोंडून निघालं: थँक्स!
फुटपाथवर उभं राहून
मी माझ्याच जिभेला एक शिवी हासडली.

मॅलकी खिडकीत बसला होता.
एक मोजा घोट्यापर्यंत चढवलेला,
दुसरा मांडीवर. धाप लागलेली.
लेकीनं पर्थहून पाठवलेला फोन त्यानं माझ्यापुढे धरला,
बाबांना करमावं म्हणून तिनं त्यात
बस कुठवर आली ते बघायची सोय करून दिलीय.
"अगदी वेळेवर निघाली," तो म्हणाला.
"पुलावरून येताना पाहिली मी तिला,
हा एवढासा हिरवा ठिपका.
समोरच्या थांब्यावर थांबली.
मी जाऊन दार उघडलं.
तू कुठे होतीस, डिम्फ्ना?"

मी खाली बसले, त्याचा पाय मांडीवर घेतला.
गार पडला होता.
दार अजून उघडंच होतं.